रगुवेलाच्या कन्या त्या दिवशी लवकर का आल्या?

(उन्हाळ्याच्या आरंभी कुटुंबांकरिता व उपदेशकांकरिता पाठ. वाचन: निर्गम 2:15–22; अनुवाद 11:10–12; नहेम्या 3:12; मार्क 14:12–16.)

पुनरुत्थानाचा सण होऊन दोन-तीन आठवडे लोटले म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचे रूप पालटते. उपासनेस माणसे कमी दिसू लागतात. याचे कारण विश्वास थंडावला असे नव्हे. बहुधा त्याचे कारण कांदा होय. उन्हाळी कांदा काढावयाचा, पात कापावयाची, निवडून चाळीत भरावयाचा. भुसा झाकून ठेवावयाचा. शेणखत शेतावर नेऊन टाकावयाचे. नांगरटीकरिता ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागावयाचे. इकडे घरात कुरडया, पापड, शेवया व लोणची यांची घाई. त्यात लग्नसराई. अशा गर्दीत मे महिन्याच्या आरंभी शाळा सुटते, आणि जून महिन्याच्या मध्यापर्यंत मुले घरी असतात. मग मूल हे एक तर हाताशी येणारे अवजार होते, नाही तर पायात घोटाळणारे वासरू. मूल म्हणून त्याच्याकडे पाहण्यास त्या दिवसांत कोणास सवड नसते.

या सहा आठवड्यांकरिता ख्रिस्ती कुटुंबांस दोन गोष्टी पुष्कळ वर्षांपासून सुचविण्यात येतात. एक, दारापुढे किंवा मागे लहानशी परसबाग करावी व ती मुलांच्या हाती द्यावी. दुसरी, मुलांस सुट्टीतील बायबल शाळेत पाठवावे. दोन्ही सूचना उत्तम आहेत. 1901 साली न्यूयॉर्क शहरात रॉबर्ट बोव्हिल या बाप्तिस्त सेवकाने अशा शाळांचे काम सुरू केले, तेव्हा गीते व पवित्र शास्त्रातील गोष्टी यांबरोबर मुलांना हातांनी करावयाचे कामही त्यांत ठेविले होते. आमच्या मुलांनी त्या शाळेस ‘व्ही. बी. एस.’ असे नाव दिले आहे, आणि वर्षभर ती तिची वाट पाहतात. खेड्यातल्या मुलास हातकाम म्हणून रंगीत कागद कापण्यापेक्षा भाजीचा वाफा करणे अधिक शोभते, असे आमचे मत आहे.

परंतु या दोन्ही सूचना देताना एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि आजचा पाठ त्या एका प्रश्नाविषयी आहे. बागेस पाणी कोण आणील?

अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांस दोन देशांतील भेद समजावून सांगतो. मिसर देशात बी पेरल्यावर भाजीच्या मळ्याप्रमाणे पायांच्या श्रमाने पाणी द्यावे लागे. ज्या देशात ते जात होते तो डोंगरांचा व खोऱ्यांचा देश आकाशातून पडणारे पाणी पिणारा होता. आमचा देश वर्षातून चार महिने त्या दुसऱ्या देशासारखा असतो. मृग लागला व पाऊस नीट पडला म्हणजे बांधावरचा भोपळा कोणी न विचारता छपरावर चढतो. पण वैशाखात आमचे अंगण मिसर देश होते. तेव्हा उगवलेल्या प्रत्येक पानामागे कोणाच्या तरी पायांचे चालणे असते.

ते चालणे किती, याचा हिशेब करून पाहावा. मे महिन्याच्या उन्हात एक चौरस मीटर वाफ्यास दिवसास सुमारे सहा ते आठ लिटर पाणी लागते. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा वाफा घेतला, तर रोज बारा ते सोळा लिटर, म्हणजे जवळजवळ एक भरलेला हंडा झाला. असे पाच वाफे केले की पाच हंडे. घरच्या पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याचे व जनावरांचे पाणी याहून वेगळे. 2019 साली केंद्र सरकारने जलजीवन मिशन हाती घेतले, तेव्हापासून पुष्कळ घरांपर्यंत नळ पोहोचले आहेत, आणि त्याबद्दल आपण देवाचे व राज्यकर्त्यांचे आभार मानले पाहिजेत. तथापि दारी नळ असणे आणि नळास पाणी असणे या वैशाखात दोन निरनिराळ्या गोष्टी होतात. जो जिल्हा 2024 सालापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जाई व आता अहिल्यानगर म्हणवितो, त्याच्या पाथर्डी व पारनेर या तालुक्यांत किंवा संगमनेरच्या पठारावर ज्यांची वस्ती आहे, त्यांस हे सांगावयास नको. टँकर आला म्हणजे कोण धावते व विहिरीच्या वाटेवर कोणाच्या पाऊलखुणा असतात, हे तेथे सर्वांस ठाऊक आहे.

पाणी मुली आणतात. आई कांद्यात असली म्हणजे थोरली मुलगी आणते. थोरलीचे लग्न झाले म्हणजे तिच्या पाठची आणते. म्हणून ‘मुलांकरिता बाग’ असे म्हणून आपण पाच वाफे आखतो, तेव्हा पुष्कळ घरांत त्याचा खरा अर्थ एका मुलीच्या डोक्यावर आणखी पाच हंडे एवढाच होतो. आणि ती पाचव्या हंड्यावरून परत येते तोपर्यंत बायबल शाळेचे शेवटचे गीत म्हणून झालेले असते.

आता निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळू. मोशे फारोच्या हातून निसटून मिद्यान देशात आला व एका विहिरीजवळ बसला. तेथे मिद्यानी याजकाच्या सात कन्या आल्या. त्यांनी पाणी काढून डोण्या भरल्या. इतक्यात धनगर आले व त्यांनी त्या मुलींस हाकून लाविले. तेव्हा मोशे उठला, त्याने त्यांचा पक्ष घेतला व त्यांच्या कळपास पाणी पाजले. मुली घरी गेल्यावर त्यांचा बाप रगुवेल याने आश्चर्याने विचारिले की आज तुम्ही इतक्या लवकर कशा आलात? त्यांनी सांगितले की एका मिसरी मनुष्याने आम्हांस धनगरांच्या हातून सोडविले, इतकेच नव्हे तर पाणीही काढून दिले.

ही गोष्ट आपण बहुधा मोशेच्या चरित्राचा एक भाग म्हणून वाचतो व सिप्पोरेच्या लग्नाकडे वळतो. थोडे थांबून रगुवेलाच्या प्रश्नाकडे पाहावे. ‘आज लवकर’ आल्या, म्हणजे इतर दिवशी उशिरा येत असत. का उशिरा? शास्त्रलेखक ते उघड सांगत नाही. परंतु त्या दिवशी विहिरीवर जे घडले ते पहिल्यानेच घडले असे दिसत नाही. मुली अगोदर येऊन पाणी काढीत, धनगर मागाहून येऊन भरलेल्या डोण्या बळकावीत, आणि मुलींस पुन्हा पहिल्यापासून पाणी काढावे लागे, असे समजले तरच बापाच्या प्रश्नाचा अर्थ नीट लागतो. मुली केव्हा परत येतात हे बापास ठाऊक होते; उशीर का होतो हे त्याने कधी विचारिले होते असे दिसत नाही. लवकर आल्या तेव्हा त्याने कारण विचारिले.

आणि हा बाप कोण होता? याजक. उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट धनगरांच्या घरची नाही, देवाची सेवा करणाराच्या घरची आहे. वेदी सांभाळणारा मनुष्य आणि विहिरीवरून रोज उशिरा येणाऱ्या मुली ही दोन्ही एकाच छपराखाली असू शकतात.

मुलींच्या उत्तरात आणखी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. धनगरांपासून सोडविणे हे शौर्याचे काम होते, आणि त्याची कीर्ती कोणीही सांगितली असती. परंतु मुलींना त्याहून नवल वाटले ते याचे की त्या मनुष्याने पाणी काढून दिले. पोहरा हाती घेतला. राजवाड्यात वाढलेल्या पुरुषाने मेंढरांकरिता पाणी ओढले. मुलींकरिता भांडणारे पुरुष त्यांनी पूर्वी पाहिले असतील. त्यांचे काम हाती घेणारा पाहिला नसावा.

आम्ही व्यासपीठावरून रिबकेचे गुण पुष्कळदा गातो. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात तिने परक्या माणसास पाणी दिले आणि त्याच्या दहा उंटांकरिताही काढले. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. दहा उंटांचा हिशेब वाचकांनीच करावा. त्या वेळी अब्राहामाचा सेवक उगा राहून पाहत होता, असे तेथे लिहिले आहे. त्याला देवाकडून खूण हवी होती, म्हणून त्याचे पाहणे समजण्यासारखे आहे. आमच्या गावच्या पारावर बसून पाहणाऱ्यांपाशी एवढेही कारण नसते. रिबका धन्य होय, यात शंका नाही. पण दहा वेळा रिबकेवर उपदेश झाला तर निदान एकदा विहिरीवरच्या मोशेवर व्हावा.

कोणी म्हणेल की डोक्यावर हंडा घेऊन चालणे पुरुषास शोभत नाही, लोक हसतील. त्याने मार्काचा चौदावा अध्याय वाचावा. वल्हांडणाचे भोजन कोठे तयार करावे असे शिष्यांनी विचारिले, तेव्हा प्रभूने त्यांस नगरात पाठविले व खूण सांगितली की पाण्याचे भांडे घेऊन जाणारा एक मनुष्य तुम्हांस भेटेल, त्याच्या मागून जा. घागरी बायकांनी वाहावयाच्या अशी तेथेही रीत होती; म्हणूनच घागर घेतलेला पुरुष एवढ्या गर्दीच्या यरुशलेमेत ओळखता येण्याजोगी खूण ठरला. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्या दिवशी त्याला कोणी हसलेही असेल. पण प्रभुभोजनाच्या माडीची वाट शिष्यांना त्यानेच दाखविली.

पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही जे पाहिले ते येथे सांगतो. त्या कुटुंबात आजी, आईबाप, दोन मुली व एक मुलगा अशी माणसे होती. सुट्टीतील शाळेच्या हजेरीवर दहा दिवसांपैकी मुलाचे दहाही दिवस भरले होते; थोरल्या मुलीचे दोन. मुलास वचने पाठ केल्याबद्दल बक्षीस मिळाले होते, आणि ते योग्यच होते. आम्ही आजीस विचारिले, “आजी, थोरली नात शाळेत का दिसत नाही?”

आजी म्हणाली, “ती शाळेत बसली तर पाणी कोण आणील, पाळकसाहेब? पोरीच्या जातीला पाण्याची सवय पाहिजे. उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय तिला.”

“आणि नातवाला कधी तहान लागत नाही काय?”

आजी हसली व म्हणाली, “तो लहान आहे अजून.” तो नातू बहिणीपेक्षा एका वर्षाने वडील होता.

त्या सायंकाळी त्यांच्या अंगणात प्रार्थना झाली, तेव्हा आम्ही निर्गमाचा हाच भाग वाचला व त्यावर काही बोललो नाही. एवढेच सांगितले की ज्यास काही विचारावयाचे असेल त्याने विचारावे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती थोरली मुलगी म्हणाली, “त्या सात जणींचा बाप कुठं होता?”

आम्ही म्हणालो, “घरी होता.”

बाप काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्या वाटेने जाताना तो सायकलीच्या दोन्ही बाजूंस दोन कॅन लावून विहिरीवरून येताना दिसला. मागे मुलगा हाताने सायकल ढकलीत होता. येथे एक गोष्ट कळून येते, तीही सांगून टाकू. बायकांनी पाणी आणावयाचे तेव्हा ते डोक्यावर येते; पुरुषाने आणावयाचे ठरले की त्यास लागलीच चाक सापडते. सायकल त्या घरी सहा वर्षे होती. हे आम्ही निंदा म्हणून लिहीत नाही. चाक सापडले हे बरेच झाले, आणि इतर घरांतही सापडावे.

आता बागेविषयी. घरात ठरवावयाचा नियम एकच आहे: ज्याचा वाफा त्याचे पाणी. मुलाने वाफा मागितला तर त्याचे पाणी त्याने आणावे, बहिणीने नव्हे. हा नियम एकदा लागू झाला म्हणजे वाफे आपोआप बेताचे होतात. आठ वर्षांच्या मुलास एक मीटर लांब व तितकाच रुंद वाफा पुरे; त्याने हंडा उचलू नये, चार-पाच लिटरांच्या कळशीने किंवा लहान बादलीने दोन खेपा कराव्या. बाग मुलाच्या बळाच्या मापाने असावी, बियांच्या पुडीच्या मापाने नव्हे.

काय पेरावे? सुट्टी सहा आठवड्यांची, म्हणून तांदुळजा किंवा लाल माठ हे पहिले. बी फार बारीक असते. ते राखेत अगर वाळूत मिसळून विरळ टाकावे व वरून बोटभर माती न लोटता केवळ हात फिरवावा. तीन-चार दिवसांत उगवते, आणि पंचवीस ते तीस दिवसांत पहिली कापणी होते. मुलाने आपण पेरलेली भाजी शाळा उघडण्यापूर्वी ताटात पाहावी, हे महत्त्वाचे आहे. वाट पाहण्यालाही लहान वयात मर्यादा असते. गवार व भेंडी यांस पहिल्या तोडणीस दीड महिन्याहून थोडे अधिक दिवस लागतात, म्हणून ती एप्रिलच्या मध्यास, परीक्षेच्या गडबडीतच, पेरून ठेवावी. भेंडीचे व भोपळ्याचे बी एक रात्र पाण्यात भिजवून लावावे.

पाणी वाचविण्याचे उपाय पुष्कळांस माहीत आहेत, करणारे थोडे. उन्हे कलल्यावर किंवा उजाडण्यापूर्वी पाणी द्यावे. दुपारी दिलेले पाणी आपण सूर्यास पाजतो. रोपे वितीएवढी झाली की त्यांच्या मुळाशी उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला तीन-चार बोटे जाड पसरावा. पश्चिमेच्या बाजूस तुराट्यांचा कूड उभा करावा, किंवा चार काठ्यांवर जुने लुगडे ताणावे. काकडी, दोडका, भोपळा या वेलांकरिता सर्वांत चांगला उपाय मडक्याचा. कुंभाराकडचे साधे, रंग न दिलेले, पाच-सात लिटरांचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्याच्या भोवती वितीच्या अंतरावर तीन-चार बिया लावाव्या, मडके पाण्याने भरावे व त्यावर झाकण ठेवावे. झाकण विसरू नये, नाही तर भाजीऐवजी डासांचे पीक येते. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते, मुळे त्याच्याकडे वळतात, आणि दोन-तीन दिवसांनी पाहून पुन्हा भरले म्हणजे झाले. पालेभाजीस मात्र हा उपाय लागू पडत नाही, तिला वरची माती ओली लागते. तेथे भोके पाडलेल्या डब्याची झारी करून शिंपावे.

घरचे सांडपाणी हे बागेचे हक्काचे पाणी होय, कारण त्याची खेप अगोदरच झालेली असते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी, राखेने घासलेली भांडी विसळलेले पाणी, हे वाफ्यास द्यावे. न्हाणीचे पाणी विटांचे तुकडे व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ देऊन केळ, पपई किंवा शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. पालेभाजीवर घालू नये. कपडे धुण्याच्या पावडरचे पहिले फेसाळ पाणी कोणत्याच झाडास नको, त्याने जमीन घट्ट होते.

मुलींनी काम करू नये असे आमचे म्हणणे आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणाऱ्यांची मोठी यादी आहे. याजक आहेत, सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत. त्यांत बाराव्या वचनात शल्लूम याचे नाव येते. तो अर्ध्या यरुशलेम प्रांताचा अधिकारी होता. आणि त्याने आपल्या कन्यांसह डागडुजी केली, असे तेथे लिहून ठेविले आहे. दगड उचलणे हलके काम नव्हे. परंतु येथे दोन गोष्टी आहेत ज्या आमच्या अंगणांत नसतात. बाप त्याच कामावर उभा होता. आणि कन्यांचे श्रम यादीत लिहिले गेले. आमच्या मुलींचे श्रम कोणत्या यादीत आहेत? सुगीच्या उपासनेस कुटुंबाचे अर्पण येते ते बापाच्या नावाने. जो वाफा मुलीने राखला त्याची पहिली जुडी तिने स्वतःच्या हाताने आणावी, आणि मंडळीच्या वहीत तिचेच नाव लिहावे. खजिनदारास एक ओळ अधिक लिहावी लागेल, एवढेच.

वाफाही तिच्या नावाचा असावा. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच कन्या बापाच्या वतनात वाटा मागावयास मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि परमेश्वराने त्यांचे म्हणणे बरोबर ठरविले. आपल्या देशातही भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, जो 1925 चा आहे, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मुलांमुलींस सारखाच वाटा मिळतो. पुष्कळ ख्रिस्ती घरांस हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याचा उच्चार होत नाही. जी मुलगी दहाव्या वर्षी ‘हा माझा वाफा’ असे म्हणावयास शिकली नाही, तिला चाळिसाव्या वर्षी तलाठ्यापुढे बोलावयास शब्द सापडत नाहीत.

अहमदनगरास सिंथिया फरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या. 1862 साली त्या तेथेच मरण पावल्या. त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनात मुलींना शिकविण्याचा विचार दृढ झाला, आणि 1848 साली पुण्यात त्यांनी व सावित्रीबाईंनी आपली शाळा काढली. ज्या जिल्ह्याने हे पाहिले तेथील मंडळीच्या शाळेत मुली हंड्यांमुळे गैरहजर राहाव्या, हे आम्हांस सोसत नाही.

शब्बाथाविषयी थोडेसे. चौथ्या किंवा आपल्यापैकी कित्येक ज्यास तिसरी म्हणतात त्या आज्ञेत विश्रांती कोणाकोणास द्यावयाची याची नावे आहेत: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीतला परका. मुलीचे नाव निराळे घातले आहे, ते ‘मुलगा’ या शब्दात समजून घ्या म्हणून सोडून दिलेले नाही. प्रभूच्या दिवशी बैलाच्या मानेवरील जू उतरते आणि मुलीच्या डोक्यावरील चुंबळ तशीच राहते, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. शनिवारी सायंकाळी सर्वांनी मिळून घरातील भांडी भरावी, वाफे खोलवर भिजवावे, मडकी काठोकाठ भरावी. पाचट घातलेला वाफा एक दिवस पाण्यावाचून सहज राहतो. जनावरांचे पाणी राहिले तर ते रविवारी सकाळी घरच्या पुरुषांनी पाजावे. शब्बाथ दिवशी जनावर सोडून पाण्यावर नेणे हे प्रभूने लूकाच्या तेराव्या अध्यायात गृहीतच धरले आहे.

शेवटी उपदेशक बंधूंकरिता सूचना. यंदा सुट्टीतील शाळेची वेळ ठरविताना पंचांस व शिक्षकांस विचारण्यापूर्वी वस्तीवरील दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींस गोळा करून विचारावे की पाणी केव्हा येते, किती खेपा होतात व केव्हा संपतात. सकाळी आठ ही वेळ पुष्कळ गावांत शिक्षकांच्या सोयीची असते; त्याच वेळी टँकर येतो. कोठे सायंकाळी पाच बरे पडतील, कोठे दुपारी झाडाखाली. एखाद्या गावी दोन वेळा वर्ग घ्यावा लागेल. हजेरीच्या वहीत गैरहजर मुलीपुढे नुसती फुली न मारता कारण लिहावे, आणि ‘पाणी’ हे कारण तीन वेळा आले तर चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या घरी जावे. जाताना मोठ्या मुलांपैकी दोघांस व एखादी सायकल बरोबर न्यावी.